शेवटचे एक मिनिट

धावत्या आगगाडीच्या खिडकीतून हातातला पेरू निसटला, तर तो नेमका कुठे पडेल? हातातून सुटला त्या जागेच्या बरोबर खाली, की त्याच्या पुढे, की मागे? विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न तुम्ही भौतिकशास्त्राच्या तासाला ऐकला असेल आणि त्याचे उत्तरही दिले असेल. परीक्षेत त्याला फार तर दोन गुण मिळतात. पण १८ मार्च १९४३ रोजी जर्मनीच्या आकाशात एकवीस वर्षांच्या एका तरुणाने याच प्रश्नाचे उत्तर बरोबर यावे म्हणून आपल्या आयुष्याचे शेवटचे मिनिट खर्च केले. त्याचे नाव जॅक मॅथिस. त्या मिनिटात त्याला नेमके काय करायचे होते, आणि ते इतके अवघड का होते, हे समजून घ्यायचे तर आपल्याला गुरुत्वाकर्षणापासून भोवऱ्यापर्यंत बऱ्याच गोष्टींकडे पाहावे लागेल.

जॅक आणि त्याचे विमान

जॅक हा अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या सॅन अँजेलो गावचा. १९४० साली तो सैन्यात दाखल झाला. पुढे विमानदलात त्याने बॉम्बार्डियरचे, म्हणजे विमानातून नेम धरून बॉम्ब टाकणाऱ्या अधिकाऱ्याचे शिक्षण घेतले. त्याचा थोरला भाऊ मार्क हाही बॉम्बार्डियरच होता. त्या वेळी दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाने इंग्लंडमध्ये आपले तळ उभारले होते. त्यांपैकी मोल्सवर्थ या तळावर ३०३ व्या बॉम्बफेकी गटात जॅकची नेमणूक झाली.

या गटाकडे बी-१७ जातीची विमाने होती. त्यांना 'फ्लाइंग फोर्ट्रेस', म्हणजे उडता किल्ला, असे म्हणत. चार इंजिने, सुमारे ३२ मीटर लांबीचा पंखविस्तार, आणि आत दहा माणसे: दोन वैमानिक, एक मार्गदर्शक अधिकारी, एक बॉम्बार्डियर, एक अभियंता, एक रेडिओ चालक आणि उरलेले चार बंदूकधारी. बॉम्बार्डियरची जागा विमानाच्या अगदी नाकात असे. समोर पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट, खाली हजारो फूट मोकळी हवा, आणि हाताशी एक गुंतागुंतीचे यंत्र. जॅकच्या विमानाचे नाव होते 'द डचेस'.

त्या दिवशीचे लक्ष्य होते व्हेगेझाक. ब्रेमेन शहराजवळ वेझर नदीच्या काठी असलेल्या या गावी जहाजबांधणीचा मोठा कारखाना होता आणि तिथे जर्मन पाणबुड्या बांधल्या जात. १९४३ च्या मार्च महिन्यात अटलांटिक महासागरात या पाणबुड्यांनी दोस्तराष्ट्रांच्या मालवाहू जहाजांचा अक्षरशः फडशा पाडला होता. इंग्लंडला जाणारे अन्न, तेल आणि दारूगोळा समुद्राच्या तळाशी जात होता. म्हणून पाणबुड्या जिथे तयार होतात तिथेच घाव घालायचा, असा बेत होता. त्या दिवशी सुमारे शंभर विमाने या मोहिमेवर निघाली.

बॉम्ब सरळ खाली का पडत नाही?

आता आपण पेरूकडे परत वळू. गाडी धावत असते तेव्हा तिच्या आतली प्रत्येक वस्तू गाडीच्याच वेगाने धावत असते. हातातून सुटल्यावर पेरूचा हा पुढे जाण्याचा वेग एकदम नाहीसा होत नाही. जडत्वामुळे तो पुढे जातच राहतो आणि त्याच वेळी गुरुत्वाकर्षणामुळे खालीही पडत राहतो. या दोन गती एकमेकींच्या आड येत नाहीत. पुढची गती आपले काम करते, खालची आपले. दोन्ही मिळून पेरूचा मार्ग वक्र होतो. गणितात या वक्राला अन्वस्त म्हणतात.

विमानातून सुटलेल्या बॉम्बचेही असेच होते. आता कागद-पेन्सिल घ्या. जॅकचे विमान सुमारे २४,००० फुटांवर, म्हणजे जवळजवळ ७,३०० मीटर उंचीवर होते. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. एकावर एक चार कळसूबाई ठेवल्या तरी ही उंची गाठता येणार नाही. पडणाऱ्या वस्तूसाठी तुम्हाला माहीत असलेले सूत्र असे:

उंची = ½ × गुरुत्वीय प्रवेग × (वेळ)²

गुरुत्वीय प्रवेग ९.८ धरला तर वेळेचा वर्ग ७,३०० भागिले ४.९, म्हणजे सुमारे १,४९० येतो. त्याचे वर्गमूळ ३८.६. म्हणजे हवेचा अडथळा मुळीच नाही असे धरले तरी बॉम्बला जमिनीवर पोचायला साडेअडतीस सेकंदांहून अधिक वेळ लागतो. हिशेबाच्या सोयीसाठी विमानाचा जमिनीच्या संदर्भातला वेग ताशी ३६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १०० मीटर धरू. तर बॉम्ब खाली पडता पडता जवळजवळ ३,८६० मीटर पुढे जाईल.

याचा अर्थ काय, ते नीट पाहा. लक्ष्य पायाखाली आल्यावर बॉम्ब टाकून चालत नाही. ते जवळजवळ चार किलोमीटर पुढे असतानाच बॉम्ब सोडावा लागतो. बॉम्ब सोडायला एक सेकंद उशीर झाला, तर तो १०० मीटर पलीकडे पडणार. पापणी चारपाच वेळा लवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात कारखाना मागे राहतो आणि शेजारची वस्ती नेमाखाली येते.

यात आणखी अडचणी आहेत. हवेच्या रोधामुळे बॉम्ब विमानाच्या थोडा मागे रेंगाळतो. किती मागे, ते बॉम्बच्या आकारावर आणि वजनावर अवलंबून असते. वारा विमानाला पुढे ढकलतो, मागे ओढतो किंवा बाजूला सरकवतो. शिवाय सात किलोमीटर खोलीच्या हवेत वारा सगळीकडे सारखा नसतो. वर एका दिशेने वाहत असतो, तर खाली दुसऱ्याच. विमान जरा कलले तरी नेम चुकतो. नेम धरण्याच्या कोनात अवघ्या एका अंशाची चूक झाली, तर एवढ्या उंचीवरून बॉम्ब दीडशे मीटरहून अधिक अंतराने चुकतो.

करून पाहा

शाळेच्या मोकळ्या मैदानावर फक्कीने लहानसे वर्तुळ काढा. ओल्या चिंध्यांचा एक चेंडू करा, म्हणजे तो पडेल तिथे डाग उमटेल. एकाने सायकल सरळ रेषेत आणि एकाच वेगाने चालवायची. कॅरिअरवर बसलेल्या मित्राने हात बाहेर काढून सुमारे एक मीटर उंचीवरून चेंडू नुसता सोडायचा, फेकायचा नाही. वर्तुळ हाताच्या बरोबर खाली आल्यावर चेंडू सोडला, तर तो पुढे पडेल. सायकल तीस मीटर अंतर दहा सेकंदांत कापत असेल, तर किती आधी चेंडू सोडायला हवा? एक मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतात. तेव्हा उत्तर १.३५ मीटर येते. आता प्रत्यक्ष दहा वेळा करून पाहा आणि किती वेळा चेंडू वर्तुळात पडला ते वहीत मांडा. सायकल एकाच वेगाने चालवणे किती कठीण आहे, ते तुमच्या लगेच ध्यानात येईल. आणि इथे तर उंची फक्त एक मीटर आहे!

भोवरा आणि दुर्बीण

हा सगळा हिशेब विमानात बसून, थंडीने आखडलेल्या बोटांनी, कागदावर करणे शक्यच नव्हते. त्यासाठी एक यंत्र होते. त्याचे नाव नॉर्डेन नेमयंत्र. जावा बेटावर जन्मलेल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये शिकलेल्या कार्ल नॉर्डेन या डच अभियंत्याने अमेरिकेत ते तयार केले. अमेरिकेने हे यंत्र अतिशय गुप्त ठेवले होते. पहारेकऱ्यांच्या देखरेखीखाली ते विमानात नेत. बॉम्बार्डियरला या यंत्राचे रहस्य जपण्याची शपथ घ्यावी लागे. गंमत अशी की, नॉर्डेनच्या कारखान्यातल्याच एका कामगाराने युद्धाच्या आधी, १९३८ साली, त्याची माहिती जर्मनीला पोचवली होती!

हे यंत्र चालत कसे असे? त्याचा पहिला आधार म्हणजे भोवरा. तुम्ही जाळी मारून भोवरा फिरवला की तो आपल्या आरीवर ताठ उभा राहतो. त्याला जरा धक्का दिला तरी तो पडत नाही, आपल्या आसाची दिशा सांभाळून धरतो. वेगाने फिरणाऱ्या वस्तूचा हा गुणच आहे. याच गुणावर गायरोस्कोप, म्हणजे भोवरायंत्र, चालते. नॉर्डेन नेमयंत्रात विजेवर फिरणारे असे दोन भोवरे होते. एक दुर्बिणीला उभ्या दिशेत स्थिर ठेवी, दुसरा डावी-उजवी दिशा सांभाळी. विमान हेलकावे खात असले तरी बॉम्बार्डियरच्या डोळ्यांपुढचे चित्र त्यामुळे डळमळत नसे.

दुसरा आधार म्हणजे दुर्बिणीतली फुली. दुर्बिणीतून पाहिले की एक उभी आणि एक आडवी रेघ दिसे. बॉम्बार्डियर त्यांचा छेदनबिंदू लक्ष्यावर आणून ठेवी. पण विमान पुढे जात असल्यामुळे लक्ष्य फुलीखालून सरकू लागे. तेव्हा तो एक खुंटी फिरवून दुर्बिणीतल्या आरशाला फिरवणाऱ्या मोटरचा वेग कमीजास्त करी. असे करता करता एक वेळ अशी येई की फुली लक्ष्यावर चिकटल्यासारखी स्थिर राही. आरसा ज्या वेगाने फिरत आहे, त्यावरून विमान जमिनीच्या संदर्भात किती वेगाने चालले आहे, हे यंत्राला आपोआप कळे. वाऱ्याचा पुढून किंवा मागून होणारा परिणामही त्यातच आला.

उंची, हवेतला वेग आणि बॉम्बच्या जातीविषयीचे आकडे बॉम्बार्डियरने आधीच यंत्रात भरलेले असत. दंतचक्रे, चकत्या आणि दांड्या यांच्या साह्याने यंत्र बॉम्ब सोडण्याचा नेमका कोन काढी. आजच्या संगणकाचा हा यांत्रिक पूर्वजच म्हणा ना! दुर्बिणीचा कोन या कोनाइतका झाला की विजेचे मंडल पूर्ण होई आणि बॉम्ब आपोआप सुटत.

याच यंत्राला विमानाच्या स्वयंचलित सुकाणूयंत्रणेची जोड देता येई. मग बॉम्बार्डियरने खुंटी फिरवली की विमानच तिकडे वळे. नेम धरण्याच्या त्या काही मिनिटांत विमान वैमानिकाच्या नव्हे, तर बॉम्बार्डियरच्या हाती असे. युद्धात अशी जोड पहिल्यांदा यशस्वीपणे वापरली गेली, ती १८ मार्च १९४३ च्या याच व्हेगेझाकच्या मोहिमेत.

सात किलोमीटर उंचीवरची हवा

एवढ्या उंचीवर काम करणे म्हणजे काय, याचीही कल्पना करा. आपण वर जाऊ तसे दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. जमिनीवर १५ अंश सेल्सियस असेल तर ७,३०० मीटरवर ते उणे ३२ अंशांच्या आसपास जाते. बी-१७ विमान बंदिस्त आणि दाबयुक्त नव्हते. बंदूकधाऱ्यांच्या खिडक्यांतून वारा थेट आत घुसे. कपड्यांच्या आत विजेच्या तारांनी ऊब देणारे पोशाख होते, पण ते वारंवार बिघडत. उघड्या हाताने धातूला स्पर्श केला तर कातडी चिकटून सोलून निघे. मोहिमांच्या सुरुवातीच्या काळात, शत्रूच्या माऱ्याने जखमी झालेल्यांपेक्षा हिमदंशाने जायबंदी झालेल्यांची संख्या अधिक होती.

हवाही विरळ. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाच भागांपैकी दोन भागांइतकाच असतो. प्राणवायूचा मुखवटा निघाला तर काही मिनिटांतच माणसाचे भान जाते. आणि त्यातला धोका असा की, आपले भान जात आहे हे त्याचे त्यालाच कळत नाही. उलट सगळे ठीक चालले आहे असे वाटते. अशा हवेत जखमी झालेल्या माणसाची काय अवस्था होत असेल! रक्त वाहून गेले की शरीराला प्राणवायू पोचवणारे वाहनच कमी होते, आणि इथे मुळात प्राणवायूचाच दुष्काळ.

सरळ रेषेचा धोका

आता या कथेतली सर्वांत कठीण गाठ पाहू. नेमयंत्राला बरोबर उत्तर काढायचे असेल, तर विमानाने वेग, उंची आणि दिशा यांपैकी काहीही बदलता कामा नये. काही मिनिटे त्याने आखलेल्या रेषेवरून जावे तसे सरळ गेले पाहिजे. जमिनीवरच्या विमानवेधी तोफांनाही नेमके हेच हवे असते.

का, ते पाहा. जर्मनांच्या प्रसिद्ध ८८ मिलिमीटर तोफेचा गोळा नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने बाहेर पडे. हा वेग वरपर्यंत तसाच टिकला असता, तरी ७,३०० मीटर चढायला त्याला नऊ सेकंद लागले असते. प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षण आणि हवेचा रोध त्याला मंद करतात, म्हणून वेळ याहून बराच अधिक लागतो. नऊच सेकंद धरले तरी तेवढ्यात विमान ९०० मीटर पुढे गेलेले असते. म्हणून तोफ विमानावर रोखून चालत नाही. गोळा वर पोचेल तेव्हा विमान जिथे असेल, त्या रिकाम्या जागेवर ती रोखावी लागते. गोळ्याच्या टोकाशी वेळ लावून ठेवलेले यंत्र असे. ठरलेल्या सेकंदाला गोळा हवेतच फुटे आणि त्याच्या पोलादी ठिकऱ्या चहूकडे उडत.

म्हणजे खाली तोफखान्यात बसलेला जर्मन सैनिकही बॉम्बार्डियरसारखेच गणित सोडवत होता. एकजण पुढे कुठे पडेल याचा हिशेब करत होता, दुसरा पुढे कुठे असेल याचा. दोघांनाही विमान सरळ जाणेच सोयीचे होते. विमानाने वेडीवाकडी वळणे घेतली, तर ते वाचण्याची शक्यता वाढते. पण मग बॉम्ब भलतीकडेच पडतात. बॉम्बफेकी विमानातील प्रत्येक माणसाला हे ठाऊक असे, आणि तरीही लक्ष्याच्या जवळ आल्यावर विमान सरळच न्यावे लागे.

ते मिनिट

आता जॅकच्या विमानात चला. 'द डचेस' हे त्या दिवशी आपल्या तुकडीच्या आघाडीवर होते. आघाडीच्या विमानाला फार महत्त्व असे. तुकडीतली बाकीची विमाने स्वतंत्र नेम धरत नसत. आघाडीच्या बॉम्बार्डियरने बॉम्ब सोडले की तीही सोडत. म्हणजे जॅकचा नेम चुकला असता, तर एकट्या त्याच्या विमानाचे नव्हे, तर सबंध तुकडीचे बॉम्ब वाया गेले असते किंवा भलत्याच जागी पडले असते.

नेम धरण्याचे काम चालू होते. बॉम्ब सुटायला एक मिनिटही उरले नव्हते. तेवढ्यात विमानाच्या नाकाजवळ एक तोफगोळा फुटला. त्याच्या ठिकऱ्या प्लॅस्टिक फोडून आत शिरल्या. जॅकचा उजवा हात कोपराच्या वर छिन्नविच्छिन्न झाला. कूस आणि पोट यांना मोठी जखम झाली. धक्क्याने तो यंत्रापासून सुमारे नऊ फूट मागे फेकला गेला.

इथे आपण क्षणभर थांबू. यंत्र तर स्वयंचलित होते. मग माणूस नसता तरी बॉम्ब सुटले नसते का? सुटले असते, पण कुठे पडले असते ते सांगता आले नसते. फुली लक्ष्यावर स्थिर राहिली आहे की सरकू लागली आहे, हे पाहायला डोळा लागतो. ती सरकली तर खुंटी फिरवायला हात लागतो. जवळच फुटलेल्या गोळ्याने विमान हादरले असेल, तर शेवटच्या सेकंदांत दुरुस्ती करावी लागते. यंत्र दंतचक्रांचा हिशेब बिनचूक करील. पण 'हेच ते लक्ष्य' हे त्याला माणसालाच सांगावे लागते.

जॅक सरपटत पुढे आला. हाताचा उपयोग उरला नव्हता तरी यंत्रावर वाकला. डोळा दुर्बिणीला लावला. काम पुरे केले आणि बॉम्ब सोडले. बॉम्ब सुटले की बॉम्बार्डियरने विमानातल्या दूरध्वनीवर तसे दोन शब्दांत कळवायचे, असा नियम होता. जॅकने पहिला शब्द उच्चारला. दुसरा मार्गदर्शक अधिकाऱ्याला पुरा करावा लागला. जॅकचा प्राण आपल्या जागेवरच गेला होता. त्याच्या मागची विमाने त्याच्याबरोबरच आपले बॉम्ब सोडून वळली.

मोल्सवर्थच्या तळावर त्या दिवशी एक पाहुणा आला होता. जॅकला भेटायला आदल्या दिवशी आलेला त्याचा भाऊ मार्क. विमाने परतली, तेव्हा तो धावपट्टीपाशी वाट पाहत होता.

परत किती येणार?

त्या दिवशी दोन विमाने परतली नाहीत. शंभरांत दोन म्हणजे थोडीच, असे तुम्हाला वाटेल. पण त्या काळात प्रत्येक माणसाने २५ मोहिमा पुऱ्या केल्यावरच त्याची सुटका होई. समजा, दर मोहिमेत शंभरांतली चार विमाने पडतात. मग एका मोहिमेतून वाचण्याची संभाव्यता ०.९६. दोन मोहिमांतून वाचण्याची ०.९६ गुणिले ०.९६. असे पंचवीस वेळा गुणत जा. उत्तर येते ०.३६. म्हणजे शंभरांपैकी फक्त छत्तीस जण शेवटापर्यंत पोचतील! चार हा लहान वाटणारा आकडा पुन्हा पुन्हा समोर आला, की किती मोठा होतो ते पाहा.

ही माणसे वाचवण्यासाठीही विज्ञान कामाला लागले होते. आठव्या हवाई दलाचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी डॉ. माल्कम ग्रो यांनी जखमा तपासल्या, तेव्हा त्यांना दिसले की बहुतेक जखमा कमी वेगाच्या ठिकऱ्यांनी झालेल्या आहेत. अशा ठिकऱ्या पातळ पोलादी पत्राही अडवू शकतो. मग त्यांनी लंडनच्या एका तलवारी बनवणाऱ्या कंपनीकडून कापडात पोलादी पट्ट्या शिवलेली चिलखती बंडी तयार करून घेतली. मध्ययुगातले चिलखत विमानयुगात परत आले, आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवले.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अब्राहम वाल्ड हे संख्याशास्त्रज्ञ १९४३ साली दुसऱ्याच बाजूने विचार करत होते. परत आलेल्या विमानांना कुठे कुठे भोके पडली आहेत, ते मोजता येते. मग जिथे भोके अधिक तिथे जाड पत्रा बसवावा, असे कोणालाही वाटेल. पण थोडे थांबून विचार करा. ही भोके पडूनही ती विमाने परत आली आहेत! ज्यांना खरा घातक मार लागला, ती विमाने मोजणीला आलीच नाहीत. तेव्हा न परतलेल्या विमानांचाही हिशेब धरून कोणता भाग किती नाजूक आहे हे ठरवण्याची रीत वाल्ड यांनी बसवून दिली. समोर दिसणाऱ्या माहितीइतकीच, न दिसणारी माहितीही महत्त्वाची असते, हा धडा आजही संख्याशास्त्रात शिकवला जातो. भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्याने द्यायला वाल्ड आपल्या देशात आले होते. डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला.

नेम लागला का?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. व्हेगेझाकची मोहीम त्या वेळी फार यशस्वी मानली गेली. वरून काढलेल्या छायाचित्रांत बरेचसे बॉम्ब कारखान्याच्या परिसरात पडलेले दिसले. पण युद्ध संपल्यावर अमेरिकनांनीच जी कसून तपासणी केली, तिच्यात वेगळे चित्र दिसले. १९४३ सालच्या अशा हल्ल्यांनी पाणबुड्यांच्या उत्पादनात फारशी घट झाली नव्हती. आणि सगळ्या युद्धाचा हिशेब केला, तर नेम धरून टाकलेल्या बॉम्बपैकी सुमारे वीस टक्केच लक्ष्याभोवतीच्या हजार फुटांच्या वर्तुळात पडले होते.

नॉर्डेन यंत्र सदोष होते का? तसे म्हणता येणार नाही. स्वच्छ हवेत, वाळवंटातल्या सरावात ते उत्तम काम देई. पण युरोपच्या आकाशात ढग असत, धूर असे, तोफा असत आणि माणसाच्या मनात भीती असे. हवेच्या खालच्या थरांतला वारा यंत्राला कळत नसे. हिशेबात न धरलेली प्रत्येक गोष्ट शेवटी जमिनीवरच्या अंतरात उतरते. सायकलीवरून टाकलेल्या तुमच्या चेंडूने वर्तुळ चुकवले, तर वहीत एक गुण कमी पडतो. तिथे चुकलेले बॉम्ब शेतांत पडले, तसेच घरांवरही पडले, आणि त्या घरांत तुमच्यासारखी शाळेत जाणारी मुलेही होती. वर उणे बत्तीस अंशांत बसलेल्या तरुणांना ती दिसत नव्हती.

आठव्या हवाई दलाची २६,००० हून अधिक माणसे त्या युद्धात मरण पावली. जॅकला त्याच वर्षी अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, मरणोत्तर देण्यात आले. त्या दलातील शूर कृत्यांपैकी या पदकाचा मान मिळालेले हे पहिले कृत्य.

आणि मार्क? त्याने आपली बदली मोल्सवर्थला करून घेतली. भावाच्या सहकाऱ्यांबरोबर, भावाच्या जागेवर बसून तो मोहिमांवर जाऊ लागला. १४ मे १९४३ रोजी कील शहरावरच्या मोहिमेत त्याचे विमान पडले आणि तोही परत आला नाही. जॅक गेल्याला अजून दोन महिनेही झाले नव्हते. सॅन अँजेलोच्या विमानतळाला आज या दोघा भावांच्या आडनावावरून मॅथिस फील्ड असे नाव आहे.